शौचालयाच्या दारावर दोनच पाट्या का?

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला की आम्ही डॉक्टर प्रत्येकाला सांगतो, "पाणी भरपूर प्या." सल्ला बरोबर आहे. पण पाणी प्यायचे तर लघवीला जायला जागाही हवी. ती मिळणार नाही म्हणून अनेक स्त्रिया घराबाहेर पडताना मुद्दाम पाणी कमी पितात. तृतीयपंथी व्यक्तींना पुरुषांच्या बाजूला छळाची भीती असते, तर स्त्रियांच्या बाजूला हाकलले जाण्याची. आणि पार्किन्सन झालेल्या वडिलांना घेऊन सीताबर्डीवर आलेल्या मुलीने कोणत्या दारातून आत जावे?

पाणी कमी प्यायले की लघवी दाट होते आणि मूतखड्याचा धोका वाढतो. लघवी वारंवार रोखून धरली तर मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होण्याची शक्यता वाढते. म्हणजे दारावरची पाटी हा आरोग्याचाही प्रश्न आहे.

दोन दरवाजे आले कुठून?

तुमच्या घरात सगळे एकच शौचालय वापरतात. रेल्वेच्या स्लीपर डब्यातही तसेच. तिथे पाट्या असतात त्या 'भारतीय' आणि 'पाश्चात्त्य' अशा. दोन दरवाजांचा नियम वैद्यकशास्त्राने घालून दिलेला नाही. कायद्यात तो आला कारखान्यांमुळे.

नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली १८७७ साली. त्यानंतर दहा वर्षांनी, १८८७ मध्ये, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने कारखान्यांत स्त्रियांसाठी वेगळी शौचालये सक्तीची केली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमात, कलम १९ मध्ये, स्त्री आणि पुरुष कामगारांसाठी वेगळी बंदिस्त सोय सांगितली होती. पुरुषांनी भरलेल्या कारखान्यात बाईला हक्काची जागा मिळणे फार गरजेचे होते, आजही आहे. मात्र कायद्याने माणसे दोनच रकान्यांत मोजली.

नकाशातले दोन रकाने

तीच मोजणी बांधकामाच्या नियमांत उतरली. कार्यालयासाठी साधारणपणे २५ पुरुषांमागे एक आणि १५ स्त्रियांमागे एक शौचकूप, असा हिशेब असतो. नागपुरात नकाशा महानगरपालिकेकडे द्या किंवा नागपूर सुधार प्रन्यासकडे, २०२० पासून राज्याची यूडीसीपीआर ही नियमावली लागू आहे. तिच्यातही तक्ते स्त्री-पुरुष असेच आहेत. कुणीही वापरावे असे शौचालय आर्किटेक्टने काढले, तर ते कोणत्या रकान्यात धरायचे? कुठेच धरले नाही तर तो जादा खर्च ठरतो, आणि जादा खर्च सहसा कुणी करत नाही.

कायदा पुढे गेला, तक्ता मागे राहिला

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या 'नालसा' निकालात तृतीयपंथीयांसाठी वेगळ्या सार्वजनिक शौचालयांची सोय करायला सांगितले. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्त्रियांसाठी रस्त्यांवर स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहे असणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. २०१७ च्या स्वच्छ भारत अभियानाच्या सूचनांनी तृतीयपंथीयांना आपल्या पसंतीचे सार्वजनिक शौचालय वापरण्याची मोकळीक दिली. २०२० च्या केंद्रीय नियमांत तर आस्थापनांच्या संदर्भात 'युनिसेक्स' शौचालयांचा स्पष्ट उल्लेख आहे.

अमेरिकेत अनेक राज्ये ज्या आदर्श प्लंबिंग संहितेचा आधार घेतात, तिच्या २०२१ च्या आवृत्तीने हा हिशेबाचा अडथळा काढला. एकट्याने वापरायचे शौचालय तिथे सर्वांसाठी असते आणि आवश्यक संख्येतही धरले जाते.

आजच्या नियमांत काय बसते?

एक दरवाजा आपल्या नियमावलीत आधीच आहे, तो म्हणजे दिव्यांगांसाठीचे शौचालय. किमान १.५० बाय १.७५ मीटर जागा, ९० सेंटीमीटरचे बाहेर उघडणारे दार. दिल्ली मेट्रोने २०२१ मध्ये अशी शौचालये तृतीयपंथीयांनाही खुली केली. सोय चांगली आहे, पण एकाच खोलीवर सगळ्यांचा भार टाकला तर व्हीलचेअरवरचा माणूस ताटकळतो. बऱ्याच इमारतींत तर तिथे झाडू-बादल्याच ठेवलेल्या असतात.

तुम्ही दवाखाना, कोचिंग क्लास किंवा मंगल कार्यालय बांधत असाल, तर आर्किटेक्टला नकाशा करतानाच सांगा. नियमाप्रमाणे स्त्रियांची आणि पुरुषांची संख्या पूर्ण ठेवा. स्त्रियांची एकही जागा कमी करू नका. त्याशिवाय थेट व्हरांड्यात उघडणारी एक खोली द्या. छतापर्यंत भिंती, आतून पक्की कडी, आतच बेसिन आणि सॅनिटरी पॅडसाठी झाकणाचा डबा. बाहेर पाटी लावा : 'शौचालय – सर्वांसाठी'. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर भिंत फोडण्यापेक्षा नकाशात एक दार वाढवणे स्वस्त पडते.

आणि लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप किंवा लघवीत रक्त दिसले, तर घरगुती उपायांत दिवस न घालवता डॉक्टरांना दाखवा. तुम्ही कोणत्या पाटीच्या दारातून जाता याचा त्या तपासणीशी काही संबंध नाही.