धर्माबादच्या मिरचीचं माहेर

धर्माबादच्या मिरचीबाजारात शिरलं की आधी ठसका लागतो, मग लाल ढीग दिसतात. नाकातोंडाला पदर बांधून देठ खुडणाऱ्या बायका, तट्ट भरलेली पोती, पलीकडे तिखटाच्या गिरण्या. तेलंगणाच्या वेशीवरच्या या गावाची ओळखच मिरची. पण इथून फार लांब नसलेल्या कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्यात राजाच्या पाकशाळेतले पदार्थ तपशिलाने आले आहेत. तिखटपणा मात्र मिऱ्यांचा आणि आल्याचा. मिरची तेव्हा अमेरिका खंडाबाहेर पडलीच नव्हती.

पुढचं सर्वांना पाठ आहे: १४९२ साली कोलंबस, १४९८ला वास्को द गामा, १५१०ला पोर्तुगीजांचं गोवा.

वाद आहे तो माहेराचा. रूढ मत ब्राझीलच्या बाजूचं. पोर्तुगीजांनी मिरची पर्नांबुकोहून हिंदुस्थानात नेली, असं वनस्पतितज्ज्ञ क्लुसियसने नोंदवलं. ब्राझील पोर्तुगीजांचं, गोवाही त्यांचंच. हिशेब सरळ जुळतो.

पण तारखा आड येतात. १५४२ साली जर्मन वैद्य लिओनहार्ट फुक्सने आपल्या वनौषधींच्या ग्रंथात मिरचीचं चित्र छापलं आणि तिला चक्क ‘कालिकतची मिरी’ म्हटलं! पर्नांबुकोची वसाहत मूळ धरू लागली ती १५३५च्या सुमारास. सात वर्षांत ब्राझीलहून मलबार आणि तिथून जर्मनी? फुक्सची गल्लत झाली असं म्हणून हा पुरावा बाजूला सारता येईल; झाडाची साक्ष मात्र सारता येत नाही. ब्याडगी काय, तेजा काय, दख्खनच्या बाजारातली नेहमीची मिरची ‘कॅप्सिकम ॲन्युअम’ जातीची, आणि ती जात माणसाने लागवडीखाली आणली मेक्सिकोत. ॲमेझॉनच्या खोऱ्यातली जुनी मिरची वेगळी, ‘कॅप्सिकम चायनेन्स’. म्हणजे धर्माबादचं नातं मेक्सिकोशी: तिथून स्पेन, शेजारचं लिस्बन, मग गोवा. पर्नांबुकोची मिरची आली असेल, तर मागाहून.

गोव्याहून गोदाकाठी तिला कोणी आणलं? बहुधा लमाणांनी. किनाऱ्यावरचं मीठ बैलांवर लादून त्यांचे तांडे घाट चढत. त्याच गोण्यांतून बी आलं असणार. मिऱ्यांसाठी मलबारकडे डोळे लावावे लागत. हे तिखट काळ्या मातीत, घरच्या परसात पिकलं, आणि कालवणातलं मिऱ्यांचं राज्य संपलं.