विमानातील सुरक्षा-उद्घोषणा आणि हेडफोन

प्रवासी विमानात उड्डाणापूर्वी, उड्डाणकाळात व अवतरणाच्या वेळी ध्वनिवर्धकावरून प्रवाशांना ज्या सूचना दिल्या जातात, त्यांस सुरक्षा-उद्घोषणा म्हणतात. आसनाचा पट्टा बांधणे व सोडणे, आपत्कालीन दारांची जागा, प्राणवायूचा मुखवटा आणि जीवरक्षक जाकीट यांचा वापर हे त्यांचे मुख्य विषय होत. १९४४ च्या शिकागो करारातून निर्माण झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या सहाव्या परिशिष्टानुसार प्रवाशांना या साधनांची माहिती देणे हे विमानसेवेचे कर्तव्य ठरते. प्रत्यक्ष संकट ओढवल्यास त्या प्रसंगास योग्य अशा सूचनाही द्याव्या लागतात. सूचना देण्याचे बंधन अशा रीतीने स्पष्ट आहे. त्या ऐकल्या जातील याची हमी मात्र कोणत्याही नियमाला देता आलेली नाही, आणि हेडफोनचा प्रश्न उद्भवतो तो येथेच.

विमानात प्रवाशाच्या कानाला यंत्र लागले ते करमणुकीसाठी. १९६१ मध्ये ‘ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स’ या अमेरिकन कंपनीने न्यूयॉर्क–लॉस अँजेल्स मार्गावर नियमितपणे चित्रपट दाखविण्यास प्रारंभ केला. त्यानंतर लवकरच प्रचारात आलेले हेडफोन विजेवर चालणारे नव्हते. आसनाच्या हातात बसविलेल्या लहान ध्वनिवर्धकातील आवाज पोकळ प्लॅस्टिकच्या नळ्यांतून कानापर्यंत येई. वैद्याच्या स्टेथॉस्कोपासारखीच ती रचना होती. विजेवर चालणारे हेडफोन पुढे सु. १९७९ पासून येऊ लागले. या सर्व साधनांचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. ती विमानाच्या स्वतःच्या ध्वनियंत्रणेला जोडलेली असत. आजही आसनाला जोडलेल्या करमणूक-यंत्रणेत उद्घोषणा सुरू होताच चित्रपट वा संगीत आपोआप थांबते आणि उद्घोषकाचा आवाज हेडफोनमधूनच ऐकू येतो. अशा हेडफोनमुळे सूचना हुकण्याऐवजी ती थेट कानात पोहोचते.

हे नाते खाजगी साधनांनी तोडले. १९७९ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने वॉकमन बाजारात आणला आणि प्रवासी आपले संगीत स्वतः घेऊन विमानात बसू लागला. त्याच्या यंत्राचा विमानाच्या ध्वनियंत्रणेशी कोणताही संबंध नव्हता. तरीही पुढील तीन दशके निदान उड्डाण व अवतरणाच्या वेळी कान मोकळे राहिले, आणि त्याचे कारण निराळेच होते. सुवाह्य इलेक्ट्रॉनिक साधनांमुळे विमानाच्या दिशादर्शक यंत्रणेत व्यत्यय येईल, या भीतीने अमेरिकेच्या विमानवाहतूक यंत्रणेने १९६६ मध्येच त्यांच्या वापरावर निर्बंध घातले होते. श्रवणसाहाय्यक यंत्रांना त्यातून सूट होती. इतर देशांतही असेच नियम झाले. रेडिओलहरींसाठी केलेल्या या नियमाने श्रवणाचे रक्षण आनुषंगिकपणे केले, असे म्हणावे लागते. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेने आणि एप्रिल २०१४ मध्ये भारताच्या नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने ‘विमान-अवस्थेत’ ठेवलेली साधने संपूर्ण प्रवासात वापरण्यास मुभा दिली, तेव्हा हे रक्षणही संपले. अमेरिकन यंत्रणेने सवलत देतानाच, सूचना चालू असता साधने, पुस्तके व वृत्तपत्रे बाजूला ठेवावीत असे प्रवाशांना सुचविले. २०१६ नंतर कानात बसणारे लहान बिनतारी हेडफोन झपाट्याने पसरले. केसांआड किंवा टोपीखाली ते सेवकवर्गाला दिसतही नाहीत.

गोंगाट दाबणाऱ्या हेडफोनांविषयी स्वतंत्र विचार करणे आवश्यक आहे. त्यांची कल्पना बंगाली वडिलांचे अमेरिकन पुत्र अमर बोस (१९२९–२०१३) यांना १९७८ मध्ये झुरिकहून परतताना विमानातच सुचली. जेट विमानाच्या कक्षात सु. ८० ते ८५ डेसिबेल इतका अखंड घरघराट असतो. हेडफोनमधील सूक्ष्म ध्वनिग्राहक तो टिपतो आणि विरुद्ध कलेचा ध्वनितरंग निर्माण करून त्याचा प्रभाव घटवितो. बोस यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा असा हेडफोन १९८९ मध्ये आणि सामान्य ग्राहकांसाठीचा २००० मध्ये विक्रीस आला. ही क्रिया मुख्यतः कमी कंप्रतेच्या आवाजावर चालते. मानवी बोलणे तिच्यातून बऱ्याच अंशी निसटते. त्यामुळे संगीत बंद असल्यास असा हेडफोन लावलेल्यास उद्घोषणा उलट अधिक स्पष्ट ऐकू येण्याचा संभव असतो. खरा अडसर संगीताचा, कान घट्ट झाकणाऱ्या गादीचा आणि सर्वांत अधिक, लक्ष दुसरीकडे गुंतण्याचा आहे.

सूचना न ऐकल्याचे किंवा संकटात ती न आठवल्याचे परिणाम काही अपघातांत दिसून आले. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी अपहरण झालेले इथिओपियन एअरलाइन्सचे विमान इंधन संपून कोमोरो बेटांजवळ समुद्रात कोसळले. अनेकांनी जाकिटे कक्षातच फुगविली होती. पाणी शिरताच ते तरंगत छताला टेकले आणि दारापर्यंत पोहोचू शकले नाहीत. विमानातील १७५ जणांपैकी १२५ मृत्यू पावले. जाकीट विमानाबाहेर पडतानाच फुगवावे, हे वाक्य प्रत्येक उद्घोषणेत असते. याच्या उलट उदाहरण २ जानेवारी २०२४ रोजी टोकिओच्या हानेडा विमानतळावर घडले. जपान एअरलाइन्सच्या पेटलेल्या विमानात ध्वनिवर्धक बंद पडला. सेवकवर्गाने हातातील कर्ण्यांवरून व ओरडून सूचना दिल्या आणि सर्व ३७९ जण वाचले.

महाराष्ट्रातील या संदर्भातील बोलका अपघात २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे झाला. मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावरील, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकले व पुढे विजेच्या तारांना लागून कोसळले. ११८ जणांपैकी ५५ मृत्युमुखी पडले, ६३ बचावले. अशा प्रसंगी नवी सूचना देण्यास अवधीच नसतो. जमिनीवर असताना जे ऐकले असेल तेवढेच प्रवाशाच्या हाती असते. निम्मी दारे बंद असताना ९० सेकंदांत सर्वांना बाहेर पडता यावे, अशी मोठ्या प्रवासी विमानांची चाचणी घेतली जाते. दार कोठे आहे हे शोधण्यात गेलेली सेकंदे त्यांतूनच वजा होतात.

ऐकण्याच्या प्रश्नाला भारतात भाषेचीही बाजू आहे. बुलढाणा तालुक्यातील धाड हे मराठवाड्याच्या सीमेलगतचे गाव. जिल्ह्यात नियमित प्रवासी विमानसेवा नसल्याने तेथील प्रवाशाला चिकलठाणा विमानतळाची वाट धरावी लागते. विमानात बसल्यावर त्याच्या कानी पडतात त्या सामान्यतः हिंदी व इंग्रजी सूचना. मराठी माणसाला हिंदी बहुधा कळते. तथापि ध्वनिवर्धकातून झरझर वाचलेला पारिभाषिक मजकूर पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या वृद्धाला उमजेलच असे नाही. अशा प्रवाशाच्या बाबतीत हेडफोन नसूनही उद्घोषणा कानाआड जाते. आसनापुढील खिशातले सचित्र पत्रक आणि सेवकवर्गाचे प्रात्यक्षिक यांचा त्याला, तसेच कर्णबधिरांना, अधिक आधार असतो. डिसेंबर २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय नागरी विमानवाहतूक मंत्री सुरेश प्रभू यांच्या सूचनेवरून विमानतळांवरील उद्घोषणा प्रथम स्थानिक भाषेत, नंतर हिंदी व इंग्रजीत कराव्यात, असे ठरविण्यात आले. तो निर्णय विमानतळांच्या इमारतींपुरता होता. विमानाचा कक्ष त्यात आला नाही.