बेंजो आणि पार्टी

भीमजयंतीच्या दिवसांत छत्रपती संभाजीनगरात ‘बेंजो’ म्हटलं की डोळ्यांसमोर एक वाद्य येत नाही, वाजवणारी अख्खी मंडळी येतात. क्रांती चौकातून भडकल गेटकडे निघालेल्या ट्रॉलीवर कीबोर्ड असतो, ऑक्टोपॅड असतो, खाली ढोल-ताशे असतात. कळा दाबून वाजवायचं ते तारांचं वाद्य कित्येकदा नसतंच. तरी सुपारी ‘बेंजो’लाच दिली जाते.

या शब्दाइतका लांबून चालत आलेला दुसरा शब्द आपल्या गाण्या-बजावण्यात मला तरी ठाऊक नाही. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी भोपळ्यावर चामडं ताणून, तारा लावून आपलं वाद्य अमेरिकेच्या मातीत पुन्हा घडवलं. थॉमस जेफर्सनने १७८५ साली छापलेल्या व्हर्जिनियावरच्या पुस्तकात त्याला ‘बँजार’ म्हटलं आहे आणि या लोकांनी ते आफ्रिकेतून आणलं, असंही नोंदवलं आहे. अंगोलातल्या किंबुंदू भाषेतला ‘म्बांझा’ हा शब्द त्याच्या मुळाशी असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. ‘बँजो’ तो हाच.

आपल्याकडचं वाद्य मात्र जपानचं. १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो यांनी तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवल्या आणि वाद्याला ‘ताइशोगोतो’ नाव दिलं. त्याच साली सुरू झालेला सम्राट ताइशोंचा काळ आणि ‘कोतो’ हे तिथलं जुनं तंतुवाद्य, यांची ती जोड. भारतात आल्यावर ते बुलबुलतरंग झालं आणि कव्वालांच्या, भीमगीतं गाणाऱ्यांच्या बैठकीत बेंजो. बलुचिस्तानात त्यालाच ‘बेंजू’ म्हणतात. वाद्य पूर्वेकडून आलं आणि नाव अटलांटिकपलीकडच्या गुलामांकडून, तेही बाबासाहेबांची गाणी गाणाऱ्यांच्या हाती. हे कुणी ठरवून केलेलं नाही, म्हणूनच मला ते फार मोलाचं वाटतं. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. दोन्ही समाजांच्या दुःखाचं साम्य त्यांना दिसत होतं. शब्दानेही आपल्या परीने तोच रस्ता धरला.

या गाण्यांचे बाकीचे शब्द बरेचसे अरबी. ‘जलसा’ म्हणजे मुळात बसणं, बैठक. ‘मजलिस’ आणि कोर्टाचा ‘इजलास’ ही त्याचीच भावंडं. महात्मा फुल्यांच्या अनुयायांनी तमाशाचा सांगाडा घेऊन, आशय बदलून सत्यशोधक जलसे उभे केले. पुढे नाशिकच्या भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. दरबारी बैठकीचा शब्द असा ज्यांना गावात बसायलाही जागा नव्हती त्यांच्या मालकीचा झाला.

‘कव्वाली’ अरबी ‘कौल’पासून, म्हणजे बोल, वचन. देवाला लावलेला कौल, जनतेने दिलेला कौल, शेतसाऱ्याचा कौलनामा हे सगळे त्याच घरातले. (छपराच्या कौलाचा याच्याशी संबंध नाही.) गंमत अशी की, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ‘गॉस्पेल’ गाण्याचं नावही बोलण्यावरूनच आलेलं आहे. जुन्या इंग्रजीत ‘गोड’ म्हणजे चांगलं आणि ‘स्पेल’ म्हणजे वार्ता. मराठी ख्रिस्ती त्याला ‘शुभवर्तमान’ म्हणतात. दोन्हीकडे आधी सांगणं आहे, सूर त्यामागून आला. मराठवाड्यात हे सांगणं जुनं. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब खुलताबादेत १३३७ साली निवर्तले. समा, म्हणजे भक्तीने गाणं ऐकणं, हा त्यांच्या साधनेचा प्राण होता. त्याच कव्वालीच्या चालींवर पुढे भीमगीतं बसली, आणि दोन गायकांचे रात्रभर चालणारे ‘दुरंगी सामने’ रंगले.

ते सामने तबकडीवर कसे मावणार? अरबी ‘तबक’ला आपला ‘डी’ लावून झालेली ही तबकडी, जुनी असेल तर लाखेची, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांची. तिच्या मधल्या कागदी वर्तुळावर जागा त्याहून कमी. तिथे मुख्य गायकाचं नाव आणि पुढे दोन शब्द: ‘आणि पार्टी’. लॅटिनमध्ये ज्या मुळाचा अर्थ ‘भाग’, त्याच्यापासून आलेला हा शब्द. ढोलकीवाला, बेंजोवाला, टाळ्या देणारे, झील धरणारे सगळे त्यात गेले. आपल्याकडे त्यांना नेमके शब्द होते. धृपद उचलणारा तो झीलकरी, तमाशाचा तो फड. ‘पार्टी’ने ते सगळे पुसले, हल्लीच्या फलकांवरचा ‘आणि संच’ही तेच करतो. मला हा शब्द सोयीचा वाटतो, न्यायाचा नाही.

नाव छापलं जाणं ही साधी गोष्ट नसते. अमेरिकेतला गायक सॅम कुक गॉस्पेल गात असताना १९५७ साली त्याची पहिली प्रेमगीताची तबकडी ‘डेल कुक’ या खोट्या नावाने काढावी लागली, कारण देवळातले श्रोते दुखावतील ही भीती. आपल्याकडे प्रल्हाद शिंदे विठ्ठलाचं, दर्ग्याचं आणि भीमाचं गाणं एकाच नावाने, एकाच खड्या आवाजात गायले. हे मोठेपण त्यांचं आणि त्यांच्या श्रोत्यांचंही. वामनदादा कर्डकांची गाणी तर इतक्या गळ्यांत शिरली की पुष्कळदा ऐकणाऱ्याला कवीचं नाव ठाऊक नसतं.

या शहरात नागसेनवनाच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये अशा तबकड्या, कॅसेटी अजून पेटीतळाशी असतील. ज्यांच्याकडे असतील त्यांनी वर्तुळावरचा क्रमांक, गायक, कवी हे तर उतरवावंच, शिवाय घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावं: ढोलकीवर कोण होतं? बेंजो कुणाचा? झील कोण धरायचं? नावं मिळतील ती त्याच कागदावर, ‘आणि’च्या पुढे लिहावीत.