भगवी वस्त्रे आणि निजामाची गादी

मागच्या वेळी आपण १९७९च्या इराणपाशी थांबलो होतो. मशिदींतून संघटना उभी राहिली, मृतांच्या चाळिसाव्याची निदर्शनं झाली, शहा देश सोडून गेला आणि मार्चअखेरच्या सार्वमताने राज्यालाच धर्माचं नाव दिलं. व्याख्यानानंतर प्रताप नगरातल्याच एका तरुणाने विचारलं, ‘सर, आपल्याकडे असं काही झालं का?’ आम्ही म्हणालो, त्याच्या अगदी उंबरठ्यापर्यंत आपण गेलो होतो. मराठवाड्यात.

हैदराबाद संस्थानात राजा मुसलमान, बहुसंख्य प्रजा हिंदू. लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ, म्हणजे भगव्या वस्त्रांतला संन्यासी. धर्मयुद्धाला आणखी काय हवं? १९३८मध्ये स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा आर्य समाज आणि हिंदू महासभाही मैदानात होत्या. ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातून काढलेल्या अनेक विद्यार्थ्यांना आपल्या नागपूर विद्यापीठाने जागा दिली. पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच.

पण त्याच वर्षअखेर गांधीजींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने सत्याग्रह थांबवला. दोन लढे एकमेकांत मिसळले, तर प्रजेच्या हक्काची मागणी एका धर्माची मागणी ठरेल, हे त्यामागचं कारण. अनेकांना ती माघार वाटली. आम्हाला तो या लढ्यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय वाटतो. स्वामीजींनी मागितलं ते जबाबदार राज्यपद्धती, धर्मराज्य नव्हे. म्हणून तर रझाकारांविरुद्ध लिहिणारे संपादक शोएबुल्ला खान याच बाजूला उभे राहिले, आणि ऑगस्ट १९४८मध्ये त्यांची हत्या झाली.

१७ सप्टेंबर १९४८ला निजाम शरण आला. लष्कर गेलं तेव्हा. पुढे १९५६पर्यंत तो राजप्रमुख होता. मात्र त्याच दिवसांत सामान्य मुसलमानांवर जे सूड उगवले गेले, तेही सांगितलं पाहिजे. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा यांची नावं घेतली. म्हणजे नेत्याचा विवेक गावोगावी पोचतोच असं नाही.

तरी तो विवेक वाया गेला, असं आम्ही म्हणणार नाही. धर्म माणसाला तुरुंगात जायचं बळ देतो; स्वामीजींना दिलंच. पण गादी रिकामी झाल्यावर तिच्यावर धर्माला बसवायचं की प्रजेला, हे आधीच ठरवावं लागतं. क्रांतीनंतर ठरवू म्हटलं, की उशीर झालेला असतो.