अबॅप : व्यवहार जाणणाऱ्याला वश होणारी भाषा

मोठ्या कारखान्याच्या भांडारात कच्च्या मालाची गाडी रिकामी झाली की एका घटनेच्या अनेक नोंदी होतात. भांडारातील शिल्लक वाढते, खरेदी आदेशावरील येणे कमी होते आणि लेखा विभागात मालाचे मूल्य नोंदले जाते. या साऱ्या नोंदी एकाच संगणक प्रणालीत, परस्परांशी मेळ राखून व्हाव्यात, हा एंटरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग म्हणजेच ईआरपी प्रणालीमागील विचार. या क्षेत्रातील एक अग्रगण्य नाव म्हणजे जर्मनीतील एसएपी, भारतीय बोलण्यातले ‘सॅप’. सॅपची बहुतांश व्यावसायिक आज्ञावली ज्या भाषेत लिहिली गेली ती भाषा म्हणजे अबॅप.

अहवालापासून प्रणालीपर्यंत

आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच अभियंत्यांनी १९७२ मध्ये सॅपची स्थापना केली. कंपनीचे मुख्यालय वाल्डोर्फ येथे आहे. अबॅप या जर्मन लघुरूपाचा मूळ अर्थ ‘अहवाल तयार करणारे सर्वसाधारण साधन’ असा होता. मेनफ्रेम संगणकांच्या काळात अहवाल काढण्यासाठी जन्मलेल्या या भाषेचा पुढे विस्तार झाला. १९९२ मध्ये आर/३ ही प्रणाली बाजारात आली, तेव्हा तिचे व्यावसायिक भाग प्रामुख्याने याच भाषेत बांधलेले होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिला ऑब्जेक्ट ओरिएंटेड रूपही मिळाले.

मूळचे जर्मनपण आजही जागोजागी भेटते. ग्राहकांच्या माहितीचा तक्ता ‘केएनए१’ आणि पुरवठादारांचा ‘एलएफए१’, ही नावे ग्राहक व पुरवठादार यांच्यासाठी असलेल्या जर्मन शब्दांवरून आली आहेत. विक्री आदेशाच्या ‘व्हीबीएके’ या तक्त्यातील शेवटचे अक्षर ‘कोप्फ’ म्हणजे डोके या शब्दाचे. आदेशाचा शिरोभाग त्यात साठवला जातो. हा उलगडा झाला की निरर्थक वाटणारी नावे लक्षात राहू लागतात.

प्रोग्रामरचे काम

अबॅपची वाक्यरचना कोबोलची आठवण करून देणारी आहे. आज्ञा इंग्रजी शब्दांत लिहिली जाते आणि वाक्यासारखी पूर्णविरामाने संपते. त्यामुळे प्राथमिक ओळख लवकर होते. खरी कसोटी पुढे लागते.

सॅप विकत घेणाऱ्या कंपनीला तयार प्रणाली मिळते, परंतु प्रत्येक उद्योगाची रीत निराळी असते. ती तफावत भरून काढणे हे अबॅप प्रोग्रामरचे काम. नवे अहवाल लिहिणे, बिलांचे छापील नमुने तयार करणे, जुन्या प्रणालीतील माहिती नव्या प्रणालीत आणणे, बाहेरच्या प्रणालींशी संपर्क जोडणे आणि मूळ कार्यपद्धतीत परवानगी असलेल्या ठिकाणी भर घालणे, असे त्याचे ढोबळ प्रकार आहेत. ग्राहक कंपनीने लिहिलेल्या प्रोग्रामचे नाव प्रथेप्रमाणे ‘झेड’ किंवा ‘वाय’ने सुरू होते.

भारतातील उदाहरण ई-इन्व्हॉइसचे देता येईल. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटी रुपयांपेक्षा अधिक उलाढाल असलेल्या उद्योगांना व्यावसायिक ग्राहकांची बिले शासकीय पोर्टलवर नोंदवून क्रमांक व क्यूआर कोड घेणे आवश्यक झाले. बिलाची माहिती पोर्टलकडे पाठवायची, उत्तर साठवायचे आणि कोड बिलावर छापायचा, एवढे साध्य करण्यासाठी वस्तू व सेवा कराची रचना आणि विक्री विभागाचा क्रम दोन्ही ठाऊक असावे लागतात.

शिकताना घडणाऱ्या चुका

पहिली चूक वेगाची. चक्राच्या प्रत्येक फेरीत डेटाबेसकडे स्वतंत्र विचारणा करणारा प्रोग्राम वर्गातील दहा नोंदींवर झटपट चालतो. लाखो नोंदींवर तोच तासन्‌तास रेंगाळतो. दुसरी चूक अधिक फसवी आहे. ‘फॉर ऑल एन्ट्रीज’ या प्रचलित आज्ञेला आधार म्हणून दिलेली यादी रिकामी असेल, तर त्या यादीवर बेतलेली अट गळून पडते. इतकेच नव्हे, तर त्या आज्ञेतील सर्वच अटी दुर्लक्षित होतात आणि तक्त्यातील सगळ्या नोंदी उचलल्या जातात. यादी रिकामी नाही, हे आधी तपासणे हाच त्यावरील उपाय.

तिसरी चूक गंभीर होय. सॅपच्या मूळ तक्त्यांत परस्पर लिहिणे तांत्रिकदृष्ट्या शक्य असते. पण तसे केल्यास भांडारातील शिल्लक बदलते आणि लेखा नोंद मात्र होत नाही. ‘बापी’सारख्या अधिकृत मार्गाने गेल्यास सर्व तपासण्या व संलग्न नोंदी एकत्र होतात. हिशेबाचा मेळ ज्याला कळतो, त्याला या नियमाचे कारण सांगावे लागत नाही.

बदलते स्वरूप

२०१५ मध्ये आलेली एस/४ हाना ही प्रणाली केवळ हाना या डेटाबेसवर चालते. आकडेमोड प्रोग्राममध्ये न करता डेटाबेसमध्येच करावी, ही तिची शिस्त. जुन्या ईसीसी प्रणालीच्या अखेरच्या आवृत्त्यांची नियमित देखभाल २०२७ अखेर संपणार असून, अतिरिक्त शुल्क भरून ती २०३० पर्यंत वाढवता येते. त्यामुळे वर्षानुवर्षे साचलेले ‘झेड’ प्रोग्राम तपासून घेणे अनेक उद्योगांना भाग पडले आहे. उदाहरणार्थ, मालाच्या सांकेतिक क्रमांकाची कमाल लांबी १८ वरून ४० अक्षरे झाली. १८ अक्षरेच गृहीत धरलेले प्रोग्राम अशा ठिकाणी अडखळू शकतात.

यामुळे केवळ जुने अहवाल व पडदे शिकवणारा अभ्यासक्रम अपुरा ठरतो. सीडीएस व्ह्यू, रॅप ही नवी बांधणी आणि एक्लिप्समधील साधने त्यात हवीत. मात्र जुने वाचता येणेही तितकेच गरजेचे आहे, कारण दुरुस्तीला येणारा प्रोग्राम बहुधा जुनाच असतो.

प्रवेश घेण्यापूर्वी

अबॅपचा उपयोग सॅपच्या परिघातच होतो, ही मर्यादा विद्यार्थ्यांनी प्रथम लक्षात घ्यावी. जावा किंवा पायथन शिकणाऱ्याला अनेक वाटा मोकळ्या असतात. येथे वाट एकच, पण ती खोलवर जाणारी आहे. म्हणून एसक्यूएल आणि एका सर्वसाधारण भाषेचा पाया आधी घालणे हिताचे. मोठे शुल्क भरण्यापूर्वी कंपनीच्या मोफत चाचणी आवृत्तीवर काही आठवडे सराव करून स्वतःची आवड पारखता येते. संस्था निवडताना सरावासाठी अधिकृत प्रणाली मिळते का आणि ती कोणत्या आवृत्तीची आहे, हे लेखी विचारावे. नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातीपेक्षा हे उत्तर अधिक बोलके असते.

वाणिज्य शाखेची जाण असलेल्यांना येथे विशेष वाव आहे. खरेदी आदेशापासून देयकापर्यंतचा प्रवास कागदावर मांडता येणारा विद्यार्थी आज्ञा लवकर आत्मसात करतो. आज्ञा पाठ असूनही हा प्रवास न उमगलेला विद्यार्थी मात्र पहिल्याच प्रकल्पात अडतो.