हालती नाव आणि स्थिर किनारा

चित्रपटाच्या जाहिरातींत दिग्दर्शकाचें नांव ठळक अक्षरांत येतें. कॅमेरा चालविणाऱ्याचें नांव बहुधा खालीं, बारीक अक्षरांत असतें. परंतु या कलेच्या अगदीं आरंभीं हे दोघे निराळे नव्हते. चित्र कशाचें घ्यावयाचें, यंत्र कोठें मांडावयाचें, तें केव्हां सुरू करावयाचें, हें सारें एकच मनुष्य ठरवीत असे. छायाचित्रकारांतून दिग्दर्शक कसा घडत गेला, हें पाहावयाचें असल्यास अलेक्झांद्र प्रोमिओ या फ्रेंच गृहस्थाच्या चरित्राकडे वळावें.

प्रोमिओचा जन्म ९ जुलै १८६८ रोजीं लियाँ शहरांत झाला. त्याचें घराणें मूळचें इटलीचें. चष्मे व भिंगें विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे तो मदतनीस होता. त्याच शहरांत ल्युमिएर बंधूंचा छायाचित्रणाच्या काचा तयार करण्याचा मोठा कारखाना होता. २८ डिसेंबर १८९५ रोजीं पॅरिसमध्यें त्यांनीं आपल्या सिनेमॅटोग्राफ यंत्राचा पहिला तिकिटाचा खेळ केला, आणि पुढच्याच वर्षीं प्रोमिओ त्यांच्या पदरीं रुजू झाला. नव्या यंत्रचालकांना शिकवून तयार करण्याचें काम त्याच्याकडे आलें.

तें यंत्र म्हणजे हातानें दांडा फिरवून चालविण्याची एक लांकडी पेटी. वजन सुमारें ५ किलो. तीच पेटी चित्र घेई, तीच त्याची प्रत काढी, आणि मागें दिवा ठेवला कीं तीच तें पडद्यावर दाखवी. फीत सुमारें १७ मीटर लांबीची. पन्नासएक सेकंदांत ती संपून जाई. अशा पेट्या घेऊन ल्युमिएरांचीं माणसें देशोदेशीं निघालीं. मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ७ जुलै १८९६ रोजीं जो खेळ झाला, तो करणारा मारिउस सेस्तिए हा याच मंडळींपैकीं एक होता.

प्रोमिओ १८९६ सालीं प्रथम स्पेनला गेला. माद्रिदचे रस्ते व तोफखान्याची कवायत त्यानें चित्रित केली. नंतर अमेरिकेंत शिकागोच्या पोलिसांचें संचलन त्यानें टिपलें. येथवर यंत्र तिपाईवर स्थिर उभें असे आणि जग त्याच्यापुढून चालत जाई. हालचाल टिपणें हेंच त्या यंत्राचें नवल असल्यामुळें तें स्वतः हालवावें, असें सहसा कोणाच्या मनांत येत नसे.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत प्रोमिओ व्हेनिसला पोहोंचला. स्टेशनावरून मुक्कामाच्या ठिकाणीं नावेनें जात असतां महाकालव्याच्या दोन्ही तीरांवरील वाडे मागें मागें सरकतांना तो पाहत होता. तेव्हां त्याच्या मनांत असा विचार आला, कीं स्थिर यंत्र जर हालत्या वस्तूंचें चित्र घेऊं शकतें, तर हालत्या यंत्रानें स्थिर वस्तूंचें चित्र कां घेतां येऊं नये? त्यानें यंत्र नावेंत मांडलें, एक फीत घेतली आणि लुई ल्युमिएरचें मत विचारण्यासाठीं ती लियाँला पाठविली. उत्तर अनुकूल आलें.

हा मान एकट्या प्रोमिओचा नव्हे. त्याच सुमारास त्याचा सहकारी कॉन्स्टाँ जिरेल यानेंहि ऱ्हाईन नदीवर नावेंतून चित्र घेतलें होतें. परंतु या युक्तीमागील तर्क स्वच्छ शब्दांत मांडून ठेवला तो प्रोमिओनें, आणि ती त्यानें वारंवार वापरली. १८९७ सालीं लिव्हरपूलच्या गोद्यांशेजारून उंच खांबांवर धांवणाऱ्या विजेच्या गाडींतून त्यानें बंदराचीं दृश्यें घेतलीं. जेरुसलेमच्या स्टेशनावर त्यानें यंत्र सुटणाऱ्या गाडीच्या मागच्या टोकाशीं लावलें. फलाटावर नाना वेषांचे लोक उभे आहेत. कोणी टोपी उंचावतो, कोणी टक लावून पाहतो. आणि गाडी दूर जातां जातां ते एकेक करून नाहींसे होतात. ज्यांनीं ही फीत प्रथम पाहिली, त्यांना आपणच कोणाचा तरी निरोप घेत आहों असें वाटलें असल्यास नवल नाहीं.

हें काम सुखाचें नव्हतें. अब्दुल हमीदच्या तुर्कस्तानांत दांडा फिरवून चालणाऱ्या कोणत्याहि यंत्राचा संशय घेत. प्रोमिओला फ्रेंच वकिलातीची मध्यस्थी घ्यावी लागली, आणि एका अंमलदाराच्या तळहातावर कांहीं नाणीं ‘विसरावीं’ लागलीं, तेव्हां कोठें यंत्र आंत गेलें. उलट १८९७ च्या स्टॉकहोम प्रदर्शनांत त्याचें स्वागत झालें; तेथें एर्नेस्ट फ्लोरमान यानें त्याच्याकडून ही विद्या घेतली व स्वीडनमध्यें चित्रपटाचा पाया घातला.

पुढें ल्युमिएरांनीं यंत्रें विकण्यास काढलीं आणि यंत्रचालकांची भ्रमंती ओसरली. नट, पडदे व रचलेले प्रसंग यांचें युग आलें. प्रोमिओनें नंतर थिओफिल पाथेच्या कंपनींत काम केलें. पहिल्या महायुद्धांत तो सैन्याच्या चित्रण विभागांत होता. आणि १९१९ ते १९२४ पर्यंत अल्जीरियांतील फ्रेंच सरकारचें चित्रण खातें त्यानें संभाळलें. एके काळीं स्वतःच्या दृष्टीनें जग पाहणारा हा मनुष्य शेवटीं सरकारी नजरेचा सेवक झाला. २४ डिसेंबर १९२६ रोजीं आस्निएर येथें त्याचा अंत झाला.

त्याच्या फितींवर त्याचें नांव नव्हतें. नांव होतें तें कारखान्याचें. मिशेल क्वासाक याच्या १९२५ सालच्या ग्रंथांत त्याच्या आठवणी छापल्या गेल्या नसत्या, तर व्हेनिसच्या नावेंतील तो विचार कोणाचा, हें सांगणारा कोणी उरला नसता.

दिग्दर्शक म्हणजे दिशा दाखविणारा. नटांना शिकविणें, कथा रचणें हीं कामें त्याच्याकडे मागाहून आलीं. त्याचें पहिलें काम एकच होतें: पाहणाऱ्यानें कोठें उभें राहून पाहावें, हें ठरविणें. प्रोमिओनें तें ठरविलें, आणि खुर्चीवर बसलेल्या प्रेक्षकाला प्रवासी केलें.