मालवाहू विमानताफा : पर्यायी विमानांची निवड

वयोवृद्ध मालवाहू विमानांच्या जागी कोणत्या जातीची, किती वयाची व किती विमाने आणावीत, याविषयीचा तांत्रिक आणि आर्थिक निर्णय. प्रवासी विमान दिवसाकाठी दहा-बारा तास आकाशात असल्याने इंधनातील बचत त्याच्या किमतीची फेड करते. उलट पार्सले वाहणारे विमान रात्री दोन-चार खेपा करून दिवसभर तळावर उभे राहते, आणि म्हणून त्याच्या जमाखर्चात इंधनापेक्षा भांडवलावरील व्याजच अनेकदा जड भरते. या एका कारणाने हा धंदा बहुतांशी प्रवासी कंपन्यांनी वापरून सोडलेल्या विमानांवर चालत आला आहे.

अशा विमानाचे रूपांतर करताना आसने काढून टाकतात, खिडक्या बुजवितात, तक्तपोशीखालच्या तुळया बळकट करतात, डाव्या कुशीला रुंद दरवाजा कापतात, आणि माल सुटून पुढे आल्यास वैमानिकांचे रक्षण व्हावे म्हणून मजबूत आडभिंत उभारतात. नवे विमान घेण्याच्या मानाने हा खर्च अल्प असतो. मात्र रूपांतरास योग्य अशी जुनी विमाने बाजारात केव्हा येतील, हे प्रवासी कंपन्यांच्या मर्जीवर अवलंबून राहते.

निवडीत वजनाइतकेच आकारमानाला महत्त्व आहे. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाताना चिकलठाण्याचे विमानतळ, शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आणि करमाड ही ठिकाणे एकाच रस्त्यावर लागतात. या पट्ट्यातून यंत्रांचे ओतीव सुटे भाग चढवू लागल्यास विमान अर्धे रिकामे दिसत असतानाच वजनाची मर्यादा गाठते; तेथूनच औषधांची किंवा कपड्यांची खोकी चढविल्यास छताला माल टेकतो, तरी काही टन वजनाची मुभा शिल्लक उरते. कागदावरील भारक्षमता पाहून विमान निवडणारा येथेच फसतो.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा जुना दाखला नागपूरचा आहे. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव तळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि ती आपापल्या शहरी परतत. ही कामगिरी आरंभी डाकोटांनी केली. महायुद्धानंतर शिल्लक साठ्यातून स्वस्तात मिळालेले हे विमान इतके काटक निघाले की डाकोटाला पर्याय डाकोटाच, अशी म्हण वैमानिकांत रूढ झाली. तिच्यात कौतुकाबरोबर लाचारीही आहे. पर्याय म्हणून कानपुरात बांधलेले ॲव्ह्रो विमान १९६१ मध्ये उडाले. पुढे हवाई दलाला ॲव्ह्रोचीच जागा भरायची वेळ आली, तेव्हा २०१३ मध्ये निविदा मागवूनही ५६ सी-२९५ विमानांचा करार सप्टेंबर २०२१ पर्यंत लांबला. त्यांपैकी १६ स्पेनहून तयार यावयाची आणि ४० वडोदऱ्यास बांधावयाची होती. शेपटीकडून उघडणारा उतार हा या निवडीतील कळीचा मुद्दा, कारण ॲव्ह्रोला तो नव्हता.

खाजगी क्षेत्रात मुंबईच्या ब्ल्यू डार्टच्या विमानशाखेचा क्रम बोलका आहे. १९९६ मध्ये तिने बोइंग ७३७-२०० या जातीने आरंभ केला. २००६ पासून ऐसपैस ७५७-२०० आणले आणि जुनी ७३७ क्रमाने निवृत्त केली. परंतु ७५७ ची बांधणी २००४ मध्येच थांबली असल्याने सुटे भाग व मोठ्या तपासण्यांचा खर्च वयाबरोबर चढत जाणे अटळ होते. अलीकडे तिने रूपांतरित ७३७-८०० घेतली. ती इंधनात किफायतशीर असली, तरी ७५७ वर चौदा-पंधरा पॅलेट मावतात तेथे ७३७-८०० च्या मुख्य मजल्यावर अकरा-बाराच. म्हणजे एका जुन्या विमानाच्या बदल्यात एक नवे, हा हिशेब सरळ बसत नाही.

इंडिगोने २०२२ मध्ये मालवाहतुकीत उतरताना एअरबस ए-३२१ निवडले. त्याच्या तळकप्प्यात कंटेनर सरकवता येतात. ७३७ आणि ७५७ च्या तळकप्प्यात मात्र हमालाला गुडघ्यांवर रांगत एकेक नग हाताने रचावा लागतो, आणि उतरविताना पुन्हा तसेच रांगावे लागते.